अक्कांची पोपटी साडी मुंबईला जाते

॥ जय जिनेंद्र ॥

राजारामपुरी, कोल्हापूर
(तारीख घालत नाही. हे पत्र कधी उघडायचं ते तुमच्या रागावर आहे.)

तीर्थस्वरूप अक्का यांना,

धाकटी जाऊ राजमती हिचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. पाय मागे घेतले असतील, तर जिथं असतील तिथं. तुमचा गुडघा कसा आहे? थोरल्या भाऊजींची साखर? भाऊजी रोज सकाळी कळंबा तळ्याला फेरी मारतात, की बाकावर बसून फेरी मारणाऱ्यांना नमस्कार करतात? (आमच्या ह्यांनी त्यांना परवा बाकावर पाहिलं. हातात वडापाव होता. मी कुणाला काही बोलले नाही, तुम्हालाच काय ते लिहिते आहे.) आणि अरिहंत कसा आहे? लग्न तोंडावर आलेलं पोर, त्याला उन्हातान्हात पत्रिका वाटायला पाठवू नका. रापेल, आणि मग शेरवानी कितीही भारी आणा, फोटोत चेहरा दिसणार नाही. त्याची काकू म्हणून एवढं सांगायचा हक्क अजून माझ्याकडे असावा असं धरून चालते.

पत्र का लिहिलं म्हणाल, तर फोन तुम्ही उचलत नाही, आणि ‘मगदूम परिवार शुभविवाह’ या ग्रुपमधून तुम्ही मला काढून टाकलंय. रिक्षा केली तर अर्ध्या तासात कळंब्याला पोचेन, पण दार उघडाल याची खात्री नाही. पोस्टमन आला की मात्र तुम्ही दार उघडता, त्याला पाणी देता, वर त्याच्या बायकोची चौकशी करता, हे मला माहीत आहे. म्हणून पोस्टमनच्या आडून येते आहे.

झालं ते आपल्या दोघींना पाठ आहे, तरी माझ्या बाजूनं एकदा लिहिते. अरिहंतच्या लग्नात मगदुमांच्या घरातल्या सगळ्या बायकांनी एकसारखी साडी नेसायची असं तुम्ही ठरवलंत, आणि इचलकरंजीहून गठ्ठाच उचलून आणलात. पोपटी अंग, जांभळा काठ. पोपटी म्हणजे आपला साधा पोपटी नव्हे, हायवेचं काम चालू असताना माणसं जी जाकिटं घालतात तो पोपटी. तुम्ही कारण सांगितलंत ते खोटं नव्हतं. मागच्या लग्नात बनाआत्या (आपल्या सासऱ्यांची धाकटी बहीण, नजर अधू, पण उत्साह दांडगा) गर्दीत चुकल्या आणि शेजारच्या हॉलमध्ये परक्या लग्नात शिरून, जेवून, आहेर करून, नवरीला आठ पोरांचा आशीर्वाद देऊन आल्या. तेव्हापासून तुमच्या मनात होतं, की आपली बाई कुठल्याही कोपऱ्यात उभी असली तरी ओळखू आली पाहिजे. हेतू चांगला होता. पण अक्का, मी कशी आहे हे तुम्हाला माहीत आहे. या घरात सून म्हणून आले तेव्हापासून मी मासिकांतल्या मॉडेलची चित्रं कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवते. ब्लाउजच्या बाहीवरून टेलरशी भांडणारी बाई अशीच राजारामपुरीत माझी ओळख आहे. त्या साडीकडे बघितलं आणि सगळ्यांच्या देखत माझ्या तोंडून निघून गेलं, की मी लग्नाला येईन, पण हे नेसून येणार नाही. तुम्ही गठ्ठ्याला गाठ मारत एवढंच म्हणालात, ‘‘साडी न्हाय, तर मांडवात बी न्हाय.’’ आणि माझ्या वाटणीची साडी माझ्या मांडीवर टाकून आत निघून गेलात. अरिहंतला पहिली हळद लावायचा मान माझा, हे तो पाळण्यात होता तेव्हा तुम्हीच ठरवलेलं. तो मान गेला तर मला काय होईल ते इथं लिहीत नाही, कागद भिजेल.

आता आनंदाची बातमी सांगते, कारण पत्र खरं त्यासाठीच आहे (असं समजा). अक्का, मी फॅशन वीकला जाऊन आले! मुंबईचा, मोठा, टीव्हीवर दाखवतात तो! माझ्या धाकट्या बहिणीची आदिती तिथं एका डिझायनरकडे नोकरीला लागली आहे. मॉडेल पोरींच्या अंगावर कपडे चढवायचे, उतरवायचे आणि मध्ये धावत राहायचं असं तिचं काम. तिनं दोन पास पाठवले. पास आला त्या दिवशी मी तो देवासमोर ठेवला, मग काढून पुन्हा वाचला, मग पुन्हा ठेवला. रात्री गॅस बंद केला की नाही हे बघायला उठले आणि पासच बघून आले. दुसरा पास ह्यांचा. हे यायला तयार कसे झाले याचं तुम्हाला नवल वाटेल. मलाही वाटलं. गाडीत बसल्यावर कळलं, की यांना ते मशिनरीचं प्रदर्शन वाटलं होतं. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत कारखाना असलेला माणूस, प्रदर्शन म्हटलं की पत्रकं गोळा करायला रिकामी पिशवी घेऊन निघतो. यांनी कार्डांचा एक डबाही बरोबर घेतला होता. सातारा आलं तरी मी खरं सांगितलं नाही. पुणं मागे पडल्यावर सांगितलं. तोवर परतायची सोय राहिली नव्हती.

माझ्या पोशाखाबद्दल दोन ओळी लिहू द्या, तो आता या जगात नाही. मोतिया रंगाचा लांब अंगरखा, गुडघ्याच्या खाली जाणारा, एक बाही मनगटापर्यंत आणि दुसरी कोपराच्या वर. खाली घेरदार काळी पँट. चित्र मी काढलं, टेलरला समजावता समजावता माझा घसा बसला, तो बिचारा शेवटपर्यंत दुसरी बाही लांब करू का म्हणून विचारत होता. ह्यांनी बघून विचारलं, ‘‘कापड कमी पडलं व्हय गं?’’ मोठ्या कलेच्या वाट्याला हे यायचंच.

आता एक गोष्ट सांगते, ती वाचून पत्र फाडू नका. तुमची पोपटी साडी मी बरोबर घेतली होती. नेसायला नव्हे, रंगवायला. माझा विचार असा, की साडी तुमचीच नेसायची म्हणजे तुमचा शब्द राहील, पण तिला गर्द निळ्या रंगात बुडवायची म्हणजे माझे डोळे राहतील. दोघींचं समाधान. आदितीनं एका मोठ्या रंगाऱ्याचा पत्ता दिला होता. सकाळी मुंबईत उतरल्या उतरल्या त्याच्याकडे गेलो. त्यानं साडी उलगडली, उजेडात धरली, एक कोपरा भिजवला, कसलीशी पूड टाकली, थांबला, आणि साडी घडी करून परत दिली. या रंगावर दुसरा कुठलाच रंग बसायचा नाही म्हणाला. काळा सुद्धा नाही. वर, हे कुठून आणलं म्हणून विचारायला लागला. अशा प्रकारे तुमची साडी जिंकली आणि माझ्या पिशवीत परत आली.

शो संध्याकाळचा. आणि सूर्य बुडायच्या आत जेवायचं हा यांचा आणि माझा नेम. मी डबा घेतलाच होता. भाकरी, मटकीची उसळ आणि वरून तेल सोडलेली शेंगांची चटणी. दारात भला थोरला सुरक्षारक्षक, तो डबा आत नेऊ देईना. ह्यांनी त्याला ताठ मानेनं सांगितलं, की आम्ही पंचतारांकितमधून आलोय. तो जरा घाबरला, पण डबा तो डबाच. सूर्य चाललेला खाली. शेवटी आम्ही दोघं त्या काचेच्या इमारतीच्या पायऱ्यांवर मांडी घालून बसलो आणि डबा उघडला. अक्का, अशी गंमत! आत जाणारी माणसं कसली कसली सजून आलेली, आणि त्या सगळ्यांचे फोटो काढायला बाहेर पोरं कॅमेरे घेऊन उभी. ती सगळी पोरं आमच्याकडे वळली. आम्ही काहीतरी नवीन करून दाखवतोय असं त्यांना वाटलं असावं. एकानं ह्यांना भाकरीचा तुकडा जरा वर धरायला सांगितलं. ह्यांनी धरला. पण यांचं सगळं लक्ष सूर्याकडे. चटणीच्या डबीचं झाकण घट्ट बसलेलं, यांनी गुडघ्यात धरून कारखान्यातलं झाकण उघडावं तसा हिसडा दिला, आणि अख्खी डबी, तेलासकट, माझ्या मोतिया अंगरख्यावर. छातीपासून गुडघ्यापर्यंत. मी आरडाओरडा केला नाही. मी आधी उरलेली भाकरी खाल्ली, कारण सूर्य कुणासाठी थांबत नाही. मग रडले.

आदिती कामातून पळत आली. अंगरखा बघून तिनं कपाळाला हात लावला आणि मला बायकांच्या बाथरूममध्ये ढकललं. मावशी, पिशवीत दुसरं काय आहे, म्हणाली. दुसरं काय असणार? तुमची साडी. परकर नाही, ब्लाउज नाही. आत थंडी फार असते म्हणून आदितीच्या सांगण्यावरून मी अंगरख्याच्या आत काळा, गळाबंद, लांब बाह्यांचा टीशर्ट घातला होता. त्या टीशर्टवर आणि त्या काळ्या पँटवर मी तुमची पोपटी साडी नेसले. (बसून वाचताय ना?) निऱ्या पँटच्या इलॅस्टिकमध्ये खोचल्या. पदराला पिन नव्हती, तिथं पासाची क्लिप लावली. आरशात बघायची हिंमत झाली नाही. जे होईल ते होईल म्हणून तोंड वर करून बाहेर आले.

अक्का, आत सगळे काळ्या कपड्यांत! एकजात. झगे काळे, कोट काळे, चष्मे काळे, बूट काळे. फॅशनच्या देवळात रंगांचा पाऊस पडत असेल असं मी जन्मभर समजत होते, आणि बघते तर सगळ्यांनी एकच रंग ठरवून घातलेला. म्हणजे त्यांच्यातही कुणीतरी थोरली जाऊ असणारच की! तिनंही गठ्ठा आणून मांडीवर टाकला असणार. त्या सगळ्या काळ्यात मी एकटी, वांग्याच्या ढिगात हिरवी मिरची पडावी तशी. लोक बाजूला होऊन वाट द्यायला लागले. वही घेतलेली एक मुलगी पळत आली, नाव वगैरे काही विचारलं नाही, मला थेट पहिल्या रांगेत नेऊन बसवलं, पाठोपाठ ह्यांनाही. अशी साडी नेसून एवढ्या शांतपणे चालणारी बाई कुणीतरी मोठीच असणार, असा तिनं हिशेब केला. एका फोटोवाल्यानं अदबीनं विचारलं, की हे कुणाचं आहे. तिथं हा प्रश्न सगळ्यांना विचारतात, म्हणजे डिझायनर कोण. मला तो रिवाज माहीत आहे, मासिकांत वाचलेलं आहे. पण त्या वेळी खोटं नाव सुचेना आणि खरं एकच होतं. मी सांगितलं, ‘‘आमच्या अक्का. कळंबा.’’ त्यानं लिहून घेतलं.

शो सुरू व्हायला उशीर. (सांगलीच्या नाटकाला सुद्धा एवढा उशीर होत नाही.) एवढ्यात हे बाथरूमला म्हणून गेले आणि दिवे मंदावले. मग माझ्या जिवात जीव राहिना. हॉल केवढा, माणसं किती, सगळी काळी, यांचा फोन माझ्या पिशवीत, आणि हा माणूस असा की स्वतःच्या कारखान्यात जायला सुद्धा नेहमीचं फाटक बंद असलं तर चुकतो. मी वळून वळून बघतेय. बनाआत्या आठवल्या. हे कुठल्या तरी दुसऱ्याच हॉलमध्ये जाऊन सत्कार स्वीकारत बसलेत असं डोळ्यांसमोर यायला लागलं. आणि तेवढ्यात माणसांच्या पायांवरून माफी मागत, सरळ रेषेत, हे माझ्याकडेच येताना दिसले. धापा टाकत शेजारी बसले आणि म्हणाले, ‘‘अक्काचं डोकं साधं न्हाय बघ. एवढ्या अंधारात तूच तेवढी दिसतीस.’’

लग्नाला इतकी वर्षं झाली, अक्का, पण असं वाक्य या तोंडातून कधी आलेलं नव्हतं. ते मला म्हणाले की साडीला, ते मी विचारलं नाही. मी मला म्हणाले असं धरलं.

मग संगीत सुरू झालं, जमिनीतून धडधडत वर येणारं, आणि पोरी चालत यायला लागल्या. काय उंची, काय मान, काय पाऊल! एकीच्या तोंडावर हसू असेल तर शपथ. सगळ्या कशा, आत्ताच घरातून भांडून निघाल्यासारख्या. (मीही तुमच्याकडून तशीच निघाले होते, पण माझं पाऊल असं पडलं नाही, आणि बाहेर रिक्षावाल्यानं थांबून हाक मारली.) एक कोट आला, त्याची कॉलर कानांच्या वर, म्हणजे नको ते ऐकू येऊ नये अशी सोय. एक घागरा पेंडीच्या पोत्यांचा असावा तसा, पण त्यावर एवढ्या बारीक निऱ्या, की मी श्वास धरून बघत होते. एक पोरगी चक्क पत्र्याची चोळी घालून आली. हे इतका वेळ मान खाली घालून बसलेले, ते एकदम पुढं वाकले. ‘‘कडा घासलेल्या न्हाईत गं. लागंल की पोरीला!’’ असं एवढ्या मोठ्यांदा म्हणाले, की त्या पोरीनं चालता चालता चोळीकडे बघितलं. आणि मग, अक्का, ती साडी आली. साधी, सुती, राखाडी. निऱ्यांच्या डाव्या बाजूला खिसा. पोरगी चालत आली, खिशात हात घातला, थांबली, वळली आणि गेली. मी उभी राहिले. मागच्या माणसानं बसा म्हटलं, तरी उभी. आपला सगळा जन्म गेला किल्ल्या कमरेला, पैसे ब्लाउजमध्ये आणि फोन हातात धरून, आणि इथं कुणीतरी बसून विचार केला, की बाईला खिसा पाहिजे. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. तुम्ही हसाल, पण मला वाटलं, मी वेडी नव्हते. कपाटाच्या दाराला आतून जे चिकटवत होते ते खरं होतं, ते कुठंतरी होतं, आणि मी ते पहिल्या रांगेतून बघितलं.

आणि आता शेवट. शेवटी दिवे पिवळे झाले आणि सनई लागली. खरी सनई, म्हणजे रेकॉर्डची, पण खरी. आणि समोरून नवरी! लाल शालू, कपाळाला मुंडावळ्या, हातभर हिरवा चुडा. सगळा हॉल उभा राहिला. आता तुम्हीच सांगा, सनई वाजतेय, नवरी येतेय, माणसं उभी आहेत. अशा वेळी आपल्या हाताला काही वेगळं सांगावं लागतं का? पत्रिकेबरोबर तुम्ही दिलेली अक्षतांची पुडी (भांडणाच्या आधीची) माझ्या पर्समध्ये होती. माझा हात पर्समध्ये कधी गेला आणि वर कधी आला हे मला कळलं नाही. अक्षता नवरीच्या डोक्यावर. आणि यांनी, ज्या आवाजात कारखान्याच्या या टोकावरून त्या टोकाला हाक मारतात त्या आवाजात, ‘‘सावधान!’’ म्हणून आरोळी ठोकली. माझ्या शेजारी काळ्या झग्यातल्या एक बाई होत्या, पिकल्या केसांच्या, फार मोठ्या असाव्यात, कारण येणारा जाणारा त्यांना वाकून भेटत होता. त्यांनी हात पुढं केला. मी त्यांना चिमूटभर दिल्या. मग मागच्यांनी हात पुढं केले. पुडी रिकामी झाली. आणि अक्का, ती नवरी हसली! अख्ख्या शोमध्ये हसलेली ती एकटी. डिझायनर नमस्कार करायला बाहेर आला त्याच्या केसांत तांदूळ होते, आणि सगळे फोटो तसेच निघालेत. हे सवयीनं लगबगीनं उठून पंगत कुठल्या बाजूला आहे ते बघायला निघाले, मग सूर्य बुडाल्याचं आठवून परत येऊन बसले. आदितीनं मात्र मला नंतर चांगलंच झापलं. ‘‘मावशी, तांदळावरनं ती घसरली असती म्हणजे माझी नोकरी गेली असती की!’’ गेली नाही. ही कल्पना कुणाची म्हणून डिझायनरनं विचारलं, तेव्हा पोरीनं माझी म्हणून सांगितलं. आपल्याकडचीच आहे.

सगळे टाळ्या वाजवत होते तेव्हा मी पर्समधल्या रिकाम्या पुडीकडे बघितलं. अरिहंतच्या अक्षता होत्या त्या. कुठल्या कोणाच्या नवरीवर, आणि ती सुद्धा खोटी, मी त्या सगळ्या उधळून बसले. पुडीचा कागद नीट घडी करून ठेवून दिला. मग पुन्हा टाळ्या वाजवल्या.

त्या काळ्या झग्यातल्या बाई जाताना थांबल्या. साडीचा काठ हातात घेऊन बघितला आणि कुठं मिळेल म्हणून विचारलं. मी सगळी हकीकत सांगितली. गठ्ठा, बनाआत्या, सगळ्या बायकांनी तीच नेसायची, मी नाही म्हणाले, सगळं. त्या हसल्या नाहीत. चांगल्या मराठीत म्हणाल्या, की मी काय नेसावं हे सांगणारं माझ्या घरात आता कुणी राहिलं नाही. आणि मग, ही साडी मला द्याल का, म्हणाल्या. मी तिथल्या तिथं बाथरूममध्ये जाऊन साडी सोडली आणि त्यांच्या हातात दिली. पैसे देत होत्या, घेतले नाहीत. तेलकट अंगरखा पुन्हा चढवला आणि चटणीचा वास घेऊन कोल्हापूरला परत आले.

तर अक्का, आता मुद्द्याचं. साडी माझ्याकडे नाही. मी नेसणार नाही असं नव्हे, नेसायला नाहीच. यात माझा दोष काढता येणार नाही, कारण दान दिलेली वस्तू परत मागू नये हे तुम्हीच आम्हा सुनांना शिकवलंय. खरं सांगायचं तर ती देताना माझ्या मनात दयेबरोबर हा हिशेबही होता. सुटले, असंच वाटलं मला. तेव्हा मी लग्नाला माझ्या मनासारखं काहीतरी नेसून येईन, तुम्ही मला मांडवात घ्याल, आणि दोघींचा मानही राहील. रंग वाईटच आहे. मुंबईनं कौतुक केलं म्हणून तो चांगला होत नाही. हे माझं मत आहे आणि ते बदलायचं नाही.

थोरल्या भाऊजींना नमस्कार, अरिहंतच्या डोक्यावरून हात फिरवा. लोभ असावा असं लिहायची पद्धत आहे, पण तुमचा लोभ ग्रुपमधून काढता येत नाही हे माहीत असल्यामुळे लिहीत नाही.

तुमची,
राजमती

ता. क. आदितीनं फोटो पाठवलाय, तो स्टुडिओतून छापून आणून आत घातलाय. त्या फोटोवाल्यानं इंटरनेटवर टाकलाय, खाली लिहिलंय, ‘डिझायनर: अक्का, कळंबा’. कुठल्या कुठल्या बायका विचारताहेत, की दुकान कुठं आहे. पँट दिसते आहे, पण पदर बघा, पदर चांगला पडलाय.

दुसरा ता. क. पाकीट डकवायच्या आधी लिहिते. परत येताना सुटले सुटले म्हणून गाडीत बसले खरी, पण कराड यायच्या आत त्या बाईंचं वाक्य डोक्यात फिरायला लागलं ते अजून थांबलेलं नाही. एवढी मोठी बाई, तिला काळं घालावं लागतं, कारण पोपटी नेस म्हणणारं कुणी नाही. अक्का, गठ्ठ्यात एखादी साडी उरली असेल तर माझ्या नावानं ठेवा. नेसते. अक्षतांची एक पुडीही लागेल, पहिली कुठं गेली ते वर लिहिलंच आहे. आणि मला त्या ग्रुपमध्ये परत घ्या. अरिहंतच्या हळदीचा दिवस मला समोरच्या वाण्याकडून कळला.

तिसरा आणि शेवटचा ता. क. ब्लाउजची पाठ मात्र मी म्हणेन तशी, आणि निऱ्यांच्या डाव्या बाजूला खिसा लावणार. यावर बोलायचं नाही. (तुमच्याही साडीला लावून देते, घेऊन ठेवा.) उरलेली साडी बदलून दुसऱ्या रंगाची आणू नका, माझ्या समाधानासाठी फिकी सुद्धा नको. तोच पोपटी बघा. मांडवात गर्दी फार होणार, आणि मी हरवले तर शोधायला तुमच्याशिवाय कोण येणार आहे?